तिला काय कमी होतं?

पत्र रत्नागिरीजवळच्या एका बंदरावरून आलंय. नाव छापू नका म्हणते, सही 'तांडेलाची बायको' अशी केली आहे. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख. लग्नाला चौदा वर्षं, दोन मुलं. जूनमध्ये बोट वर ओढली, पुरुष माणसं घरी, म्हणून घरचे-शेजारचे मिळून अकरा जण गाडी करून रत्नागिरीला पिक्चर बघायला गेले. पिक्चर विनोदी, पण गोष्ट मोडायला आलेल्या लग्नाची. नवरा-बायको घटस्फोटाच्या कागदांपर्यंत पोचतात आणि कोर्टाच्या फेऱ्या मारता मारता पुन्हा एकमेकांत अडकतात. ती लिहिते:

"येताना गाडीत सगळे बोलत होते. सासूबाई म्हणाल्या, बाईने एवढा ताठा धरू नये. डोंबिवलीची नणंद म्हणाली, मी असते तर इंटरव्हललाच बॅग भरली असती. दीर म्हणाला, सेकंड हाफ ताणलाय. हे गप्प. रात्री जेवताना एकदम म्हणाले, 'तिला काय कमी होतं? घर होतं, पोरं होती, नवरा कमवून आणत होता.' मावशी, हे मलाच ना? आठ दिवस झाले, मी कामापुरतंच बोलते. एका पिक्चरचं मी फार मनाला लावून घेतलंय का?"

बाय, मनाला लागलं ते लागलं, त्याची लाज कशाला? पण तू ऐकलंस ते अर्धंच, असं मला वाटतं.

आधी गाडीतल्या त्या चर्चेचं बघू. अकरा माणसांनी एकच पिक्चर बघितला आणि प्रत्येकाने मत दिलं ते आपापल्या घरावर. तुझ्या सासूबाईंनी नवरा होडीवर असताना, फोन नसताना दिवस काढलेत. त्या काळात ताठा धरून कुणापुढे धरणार होत्या? पण तूच लिहितेस की नवरा बायकोच्या वाढदिवसाला स्वतःच्या आवडीची मिठाई घेऊन येतो, त्या सीनला त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला त्यांच्या मतापेक्षा ते हसणं जास्त खरं वाटतं. नणंदेचं म्हणशील, तर गाडीत बसून दुसरीची बॅग भरणं सोपं असतं. दिराचं मात्र बरोबर असावं, हे असले पिक्चर शेवटी ताणतातच.

आणि हो, नणंदेला एवढं सांग की पडद्यावर एका सहीत काम होतं तसं कोर्टात होत नाही. हिंदू विवाह कायद्यात दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी अर्ज करण्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर आणखी सहा महिन्यांची मुदत असते. ती परिस्थिती बघून माफ करता येते, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. त्या फेऱ्यांत नवरा-बायको एकमेकांना बघून गालात हसतात की नाही, ते मला विचारू नकोस.

आता तुझ्या नवऱ्याचं वाक्य. देवलांचं 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलं 1916 साली, आणि लोक अजून त्याला हसतात. त्यात काय आहे? भर रस्त्यात रेवती नावाच्या तरुणीला चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि त्याची बायको कृत्तिका नेमकं तेवढंच बघते. तिथेच पडलेली एका परक्या पुरुषाची तसबीर कृत्तिका उचलून न्याहाळते, आणि फाल्गुनराव नेमकं तेवढंच बघतो. पुढचं सगळं नाटक त्या दोन अर्धवट नजरांवर चालतं. दोघांपैकी एकाने जरी "हे काय आहे?" म्हणून सरळ विचारलं असतं, तर पहिल्या अंकातच पडदा पडला असता. तुमच्या घरीही आठ दिवस हेच चाललंय, फक्त हसायला कुणी नाही.

कारण तुझ्या पत्रात दुसऱ्या पानावर, जाता जाता, एक गोष्ट आहे. पिक्चरमधली बायको "मला घरात बोलायला कुणी नाही" म्हणते तेव्हा तू रडलीस. त्याने वळून बघितलं आणि मान फिरवली. म्हणजे त्याने तुला रडताना पाहिलंय. घरी येईपर्यंत तो गप्प होता. आणि मग जेवताना विचारलं, तिला काय कमी होतं. बाय, मला तो टोमणा वाटत नाही. टोमणा मारणारा माणूस गाडीतच मारतो, दहा माणसं ऐकायला असताना. हा घाबरलाय, असा माझा अंदाज. चुकीचाही असेल. घर, पोरं, पैसा दिला की नवऱ्याचं काम संपलं, असंच त्याला खरोखर वाटत असेल, तर तेही कळलेलं बरं. पण कळणार विचारल्यावर.

(तो हात उचलत नाही, दारू पीत नाही, असं तू आपणहून लिहिलंस. तसं नसतं तर मी नाटकांच्या गोष्टी सांगत बसले नसते, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन कर म्हटलं असतं.)

काय कमी आहे ते तुला माहीत आहे. तूच लिहिलंयस: "समुद्रात वारा कसा होता, ते मला शेजारच्या वहिनीकडून कळतं." हे वाचून मी चहा खाली ठेवला. बोट लागली की मासळी उतरवायची, हिशेब, आंघोळ, झोप, आणि मग कट्ट्यावर मित्रांना सगळा वृत्तांत. तो वृत्तांत वहिनीच्या नवऱ्याकडून वहिनीला, तिच्याकडून नळावर तुला. पिक्चरमध्ये अशा वेळी नायक पावसात धावत येतो, गाणं होतं. तुला धावत येणारा नकोय. तुला वारा कसा होता ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय. एवढंच माग. चौदा वर्षांची यादी काढू नकोस, यादी दिसली की माणूस वकिलासारखा बोलायला लागतो.

कधी बोलायचं, तेही सांगते. जेवताना नको, सासूबाई समोर असताना तर नकोच. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस. त्यातले शेवटचे आठ-दहा दिवस डिझेल, बर्फ, खलाशांची उचल यात जातात, तेव्हा त्याच्या कानात काही शिरणार नाही. त्याआधी कधी दुपारी पडवीत जाळं दुरुस्त करत बसेल, तेव्हा दुसऱ्या टोकाला जाऊन बस. हात कामात आणि नजर जाळ्यात असली की आपल्याकडचे पुरुष बरे बोलतात. घरोघरी बघितलंय मी. म्हण, "त्या पिक्चरातल्या बाईला काय कमी होतं, सांगू?" तिच्या नावाने सुरू कर. तुझ्या नावावर कुठे यायचं, ते तुझं तुला कळेल.

तो लगेच काही बोलला नाही तर उठून जाऊ नकोस. जाळं मोठं असतं.

आणि पुढचा पिक्चर दोघंच बघा. अकरा जणांची गाडी नको.

काय म्हणाला ते कळव. बोट पाण्यात जायच्या आत.

— तुझी मावशी