वाचकांचे प्रश्न : ‘सध्या काय वाचताय?’

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा बाराजणांचा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा जमून सध्या काय वाचतोय आणि नुकतंच काय वाचून संपवलं ते सांगतो. पण कुणी अख्खी गोष्ट सांगत बसतं, तर कुणी ‘छान आहे, वाचा’ म्हणून मोकळं होतं. ऐकून कुणी पुस्तक मागून नेत नाही. काय करावं?

चालू पुस्तक आणि संपलेलं पुस्तक सांगायची रीत वेगळी आहे. चालू पुस्तकावर मत द्यायची घाई करू नका. कुठवर आलात आणि पुढे काय कळायची ओढ लागली आहे, एवढंच दीड मिनिटात सांगा. ‘२१० पानांवर आलोय’ याचा इतरांना उपयोग नसतो, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. प्रकरण किंवा भाग सांगावा. ‘मृत्युंजय’चंच बघा. शिवाजी सावंतांनी या कादंबरीचे नऊ भाग केलेत. त्यातले चार कर्णाच्या तोंडी आहेत, बाकीचे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडी. ‘वृषालीच्या भागात आहे’ म्हटलं की कुठलीही आवृत्ती वाचलेल्या माणसाला नेमकं कळतं, आणि पुढचं न फोडता तो तुमच्याशी बोलू शकतो.

संपलेल्या पुस्तकाला चार मिनिटं द्या. आधी लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पानं सांगा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच, कारण एकाच पुस्तकाचे दोन-तीन अनुवाद बाजारात असू शकतात आणि त्यांच्या भाषेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कथानक पहिल्या चतुर्थांशापर्यंतच सांगायचं, असा कट्ट्याचा नियमच करा. मग एक उतारा मोठ्याने वाचा. सव्वाशे-दीडशे शब्द पुष्कळ झाले, मिनिटभरात होतात. आमच्या मते पुस्तक हातात घ्यायला लावतो तो हा उतारा. मत त्याच्या मागून येतं. उतारा मधल्या पानांतला घ्या. सुरुवातीच्या पानांवर लेखकाचा हात जास्त फिरलेला असतो, पुस्तकाची रोजची भाषा मधेच सापडते. शेवटी हे पुस्तक कुणाला आवडेल आणि कुणाला नाही, दोन्ही सांगा. ‘नाही’ सांगणारा माणूस ‘वाचा’ म्हणाला की लोक विश्वास ठेवतात.

बाराहीजण दोन्ही प्रकारांवर बोलले तर तासाच्या वर जातं आणि शेवटच्या तिघांकडे कुणाचं लक्ष राहत नाही. सहाजणांनी संपलेलं, सहाजणांनी चालू पुस्तक सांगावं, पुढच्या महिन्यात उलट. पाऊण तासाच्या आत आटोपतं आणि पुस्तकं चाळायला वेळ उरतो. पुस्तक सोबत आणलंच पाहिजे. जे कुणाच्या घरी नाही, ते करवीर नगर वाचन मंदिरात आहे का, हे कट्ट्यातल्या एखाद्या सभासदाने बघून यावं. १८५० सालापासूनचं ग्रंथालय गावातच आहे.

अर्ध्यात सोडलेलं पुस्तक सांगावं का?

जरूर सांगावं. कुठे सोडलं आणि का, हे मात्र नेमकं हवं: भाषा जड गेली, छपाई बारीक होती की विषयच आपला नव्हता. बारीक छपाईमुळे सोडलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला आवडू शकतं.

वाचलेलं महिन्याभरात विसरतं. नोंद कशी ठेवावी?

दोनशे पानी वही घ्या आणि एका पुस्तकाला समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडे वाचता वाचता पान क्रमांक आणि पाच-सहा शब्दांची खूण. तिथे पान क्रमांक चालतो, कारण ती प्रत तुमचीच असते. प्रत दुसऱ्याची असेल तर आवृत्तीही लिहा. उजवीकडचं पान पुस्तक संपल्यावर दोन दिवसांत, पुस्तक मिटून, आठवेल तेवढंच भरा. नोंदी बंद पडतात त्या बहुधा सुरुवातीला पानंच्या पानं उतरवून घेतल्यामुळे. तेव्हा सहा-सात ओळींत थांबा. मालिका वाचत असाल तर क्रम वर लिहून ठेवा: कागलच्या आनंद यादवांचं आत्मकथन ‘झोंबी’, ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ असं चार भागांत आहे, आणि मधला भाग आधी हाती लागला तर माणसांचे संदर्भ लागत नाहीत.

देवाणघेवाणीतली पुस्तकं पावसाळ्यात बुरशी लागून परत येतात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. प्लॅस्टिकची पिशवी पाऊस चालू असताना घरी नेण्यापुरतीच वापरा. पोचल्यावर लगेच काढा, नाहीतर आतली ओल आतच कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, आणि पुस्तकं गच्च कोंबू नका. बुरशी लागलेलं पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं काढा. आधी पंख्याखाली सावलीत पानं उघडून पूर्ण वाळू द्या, मग नाकाला रुमाल बांधून गच्चीवर मऊ ब्रशने झटका. ओलं असताना पुसलं तर डाग कागदात मुरतो. कडक उन्हातही ठेवू नका, बांधणीचा डिंक सुटतो. देवाणघेवाणीच्या वहीत नाव आणि तारखेसोबत पुस्तकाची अवस्था लिहिली, तर परत येताना वादच होत नाही.