पवित्र आत्म्याचा शिक्का विश्वासणाऱ्यावर नेमका केव्हा मारला जातो?

आपण लिहिले आहे की आपल्या मंडळीत तारण आणि शिक्का या दोन वेगळ्या पायऱ्या म्हणून शिकवल्या जातात, आणि म्हणून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: शिक्का केव्हा मारला जातो, तो मारला गेला आहे हे कसे कळते, आणि तो पुसला जाऊ शकतो का. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर थोडक्यात असे, की मनुष्य सुवार्ता ऐकून ख्रिस्तावर विश्वास ठेवतो तेव्हाच तो मुद्रित होतो, म्हणजे पवित्र आत्मा देऊन देव तो आपला असल्याचा शिक्का त्याच्यावर मारतो. त्यासाठी वेगळी सभा भरवावी लागत नाही आणि अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलून दाखवावे लागत नाही. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील तेराव्या व चौदाव्या वचनांत पौल ऐकणे, विश्वास ठेवणे आणि शिक्का मारला जाणे या गोष्टी एका दमात सांगतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण त्यावरूनच आमच्या कुटुंबात दोघांचे बोलणे तुटले आहे आणि त्यांतली एक मी आहे.

माझ्या आतेभावाने घरी प्रार्थनासभा ठेवली होती आणि बाहेरून एका उपदेशकांना बोलावले होते. संदेशाच्या शेवटी त्यांनी सांगितले, की ज्यांना शिक्का मिळाला आहे, म्हणजे जे अन्य भाषांत बोलले आहेत, त्यांनी हात वर करावा. माझी आत्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडे ठेवून बसली होती. तिचा हात वर गेला नाही. मला स्तोत्रे पाठ करायला लावणारी, कोणी आजारी आहे असे कानावर आले की रात्री-अपरात्री प्रार्थनेला जाऊन बसणारी ही बाई. त्या वेळी ती काही बोलली नाही. पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी लहान प्याल्यांचे तबक तिच्याकडे आले, तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी धरले, क्षणभर त्याकडे पाहिले आणि प्याला न उचलता माझ्याकडे सरकवले. तिला बरे वाटत नसेल असे मी धरून चालले. त्यानंतरच्या वेळीही तेच झाले, तेव्हा मी विचारले. ती म्हणाली, “माझ्यावर शिक्काच नाही गं, मग कोणत्या तोंडाने घेऊ?”

मी आतेभावाला जाब विचारला. त्याचे म्हणणे असे, की आईला अधिक तहान लागावी म्हणूनच उपदेशक तसे बोलले, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात खुद्द इफिस येथेच शिष्यांना आत्मा नंतर मिळाला, ते अन्य भाषांत बोलले, हे मी कसे नाकारणार? मी ते नाकारत नाही. परंतु त्या सुमारे बारा जणांना केवळ बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक होता. पवित्र आत्मा आहे हेही त्यांच्या कानी आले नव्हते, आणि येशूच्या नावाने त्यांचा बाप्तिस्मा पौलाशी भेट झाल्यानंतरच झाला. त्यांना वर्षानुवर्षे प्रभूवर विश्वास ठेवून चालणाऱ्या स्त्रीच्या रांगेत बसवणे हे वचनाशी प्रामाणिक राहणे नव्हे. शिवाय त्याच पुस्तकात कर्नेल्याच्या घरी पेत्राचे भाषण संपण्यापूर्वीच, पाण्याचा बाप्तिस्मा होण्याआधीच, आत्मा उतरला. शोमरोनात मात्र बाप्तिस्म्यानंतर पेत्र व योहान यांनी हात ठेवले तेव्हा. या तीन प्रसंगांतून जो एकच ठरलेला क्रम काढतो, तो आपल्याला हवे तेवढेच वाचतो.

माझा खरा आधार करिंथकरांची मंडळी हा आहे. या मंडळीत गट पडले होते, भाऊ भावाला न्यायसभेत खेचत होता, प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी राहत होता तर दुसरा मद्याने धुंद होत होता. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल ‘तुमच्यासह आम्हांला’ देव ख्रिस्तात स्थिर करतो असे त्याच लोकांना लिहितो, आणि लगेच पुढे म्हणतो की त्याने आपल्याला शिक्का मारला व आपल्या अंतःकरणात आत्मा हा विसार (व्यवहार पक्का करणारी आगाऊ रक्कम) दिला. आणि सगळेच अन्य भाषांत बोलतात काय, हा प्रश्न पौलाने पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात याच मंडळीला विचारला आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच त्याला अपेक्षित आहे. म्हणजे अन्य भाषा न बोलणारे तिथे होते आणि तरी शिक्क्याच्या बाबतीत पौलाने कोणाला वगळलेले नाही.

शिक्का आपल्याला जाणवलाच पाहिजे, ही अपेक्षा मुळात कुठून आली हे मला कळत नाही. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, आणि अशा वेळी तो अनाथोथातले शेत हनामेलाकडून सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. साक्षीदारांच्या सह्या होतात, खरेदीखतावर शिक्का पडतो, आणि ते खत, त्याच्या उघड्या प्रतीसह, मातीच्या भांड्यात ठेवायला तो बारूखाला सांगतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल. शेत विकले गेले खरे. त्या शेताला काही जाणवले होते का? शिक्का मालकाचा असतो आणि मालकी तोच ठरवतो. ताबा त्याच्या वेळी मिळतो.

मग काहीच खूण नाही का? आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवाच्या पायावरच्या शिक्क्यात दोन वाक्ये कोरलेली सांगितली आहेत: प्रभू आपले जे आहेत त्यांना ओळखतो, आणि जो प्रभूचे नाव घेतो त्याने अनीतीपासून दूर राहावे. पहिले वाक्य माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, दुसरे वागण्यात दिसते, आणि आत्याच्या वागण्यात ते साऱ्यांना दिसत होते. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातही, ज्याच्या योगे तुम्ही मुद्रित झालात त्या आत्म्याला खिन्न करू नका, ही आज्ञा खोटे बोलणे, चोरी, कुजके भाषण आणि कडूपणा यांविषयीच्या वचनांमध्येच आली आहे. घरभर माणसांसमोर वृद्ध स्त्रीला हात खाली ठेवून बसायला लावणारे शब्द आत्म्याला खिन्न करत नाहीत का, हे आतेभावाने उपदेशकांना एकदा विचारायला हवे होते.

काही काळाने आत्याने प्याला पुन्हा घेतला. कोणत्या वचनाने ते घडले हे तिने सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही.

आता न्यायाने सांगायचे तर, शिक्का विश्वासानंतर वेगळ्या अनुभवाने मिळतो असे मानणारे सगळेच उथळ नव्हते. सतराव्या शतकातील प्युरिटन (इंग्लंडच्या मंडळीच्या शुद्धीकरणाचा आग्रह धरणारे) थॉमस गुडविन आणि विसाव्या शतकात लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलमध्ये उपदेश करणारे मार्टिन लॉइड-जोन्स यांचे मत तेच होते. पण अन्य भाषा ही त्या अनुभवाची अट आहे असे त्यांनी म्हटले नाही. उलट 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या एका लेखी विश्वास-कबुलीत, स्पष्ट म्हटले आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही आपल्या तारणाची खात्री लाभण्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते. कॅथलिक मंडळी दृढीकरण संस्कारात (बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासात दृढ करण्याच्या विधीत) तेलाने अभिषेक करताना आत्म्याच्या दानाच्या शिक्क्याचेच शब्द उच्चारते. पोप सहावे पॉल यांनी 1971 मध्ये ते शब्द पूर्वेकडील मंडळ्यांच्या प्राचीन विधीवरून स्वीकारले. त्या परंपरेत वाढलेला वाचक माझ्या पहिल्याच उत्तराशी सहमत होणार नाही, हे मला मान्य आहे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर इथे मावणार नाही. मुक्तीच्या दिवसापर्यंत आपण मुद्रित आहोत असे इफिसकरांस पत्र सांगते, म्हणून शिक्का पुसला जात नाही असे मी मानते. तरी यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात यहूदाचा राजा कोन्या उजव्या हातातील मुद्रा (शिक्क्याची अंगठी) असता तरी देव त्याला उपटून टाकणार होता, आणि हाग्गयाच्या शेवटच्या वचनात त्याचाच नातू जरूब्बाबेल याला देव मुद्रेसारखा करतो, ही दोन्ही वचने शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कोणी घाईने मत बनवू नये.

आपल्याला मात्र कोणी शिक्का नाही म्हणून प्रभुभोजनापासून दूर बसवत असेल, तर त्यांना एवढेच विचारा की करिंथच्या त्या मद्याने धुंद झालेल्या माणसांना पौलाने प्रथम स्वतःची परीक्षा करून मगच भाकर खा असे सांगितले, पण अन्य भाषा बोलेपर्यंत थांबा असे कुठे सांगितले? आतेभावाला मी हे लेखी पाठवले आहे आणि अजून उत्तर आलेले नाही; आपल्याला मिळाले तर इथे अवश्य लिहा.