झोप सहीपाशी अडकलीय

प्रश्न : ताई, मी मिरजेचा, वय ३७. २०२३ मध्ये आठ महिन्यांत शेअर बाजारात ऑप्शनमध्ये (भाव चढेल की पडेल यावरचे सौदे) ७ लाख ४० हजार घालवले. त्यातले २ लाख आईच्या एफडीचे. 'रिन्यू करतोय' म्हणालो आणि मोडायच्या फॉर्मवर तिनं न वाचता सही केली. तिला अजून माहीत नाही. बायकोला सगळं ठाऊक आहे, तिनं माफही केलंय. पर्सनल लोन गेल्या दिवाळीत फिटलं. तरी रात्री दोनला जाग येते आणि मी जुनं स्टेटमेंट उघडून बसतो. स्वतःला माफ कसं करायचं?

अरे, 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं लिहून मी तुला मोकळं करणार नाही. गंगेला काही मिळालेलं नाही, सगळं तुझ्या फोनमध्ये आहे.

आधी पैशाचं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. आणि ही माणसं कोटीच्या वर होती. तेव्हा तू काही जगावेगळा मूर्ख नाहीस. हाव सुटली, बुडालास, नोकरी करून कर्ज फेडलंस. तो हिशेब मिटला.

तुम्हा ट्रेडिंगवाल्यांत 'ॲव्हरेज करणं' म्हणतात ना? भाव पडला की आणखी घ्यायचं, आज ना उद्या वर येईल म्हणून. (हे मला धाकट्या भावानं समजावलं. त्याला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.) रात्री दोनला तू तेच करतोस. बुडालेल्या सौद्यात रोज तासभर झोप ओततोस.

ते २ लाख मात्र वेगळे. तिथं तू खोटं बोललास. मला वाटतं तुझी झोप त्या सहीपाशी अडकलीय आणि तू ती स्टेटमेंटमध्ये शोधतोयस. बायकोनं तिच्या वाटणीची माफी दिली. आईच्या वाटणीची ती कुठून देणार?

आपल्याकडे 'चूक पदरात घे' म्हणतात. आधी ती तुझ्याच पदरात पडू दे. 'मी हाव केली आणि आईला फसवलं' एवढंच वहीत लिही. पुढं 'पण' नको.

मग रविवारी टीव्ही बंद असताना आईजवळ बस. आधी रक्कम सांग, कारण ती विचारेल तेव्हा. रडू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. दरमहा ५ हजार तिच्या खात्यावर टाक, ४० महिन्यांत मुद्दल फिटेल. व्याजाचं काय, ते तिला विचार. चार दिवस ती बोलली नाही, तर मुकाट्यानं तिच्यासमोर जेवायला बस.

महिन्याभरानंही जाग येत राहिली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर लाव. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि 'तेवढे रिकव्हर करूया' असं परत मनात आलं, तर त्याच संध्याकाळी बायकोला सांग.