सुतारकामात उतरतोयस? आधी माप आणि धार

आयटीआयचा कार्पेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे, तो जरूर कर. पण सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली उभा राहा. हात तिथेच बसतो.

सुरुवातीला मशीनच्या मागे लागू नकोस. टेप, गुण्या (काटकोन बघायला), हातकरवत, रंधा (लाकूड तासायला), पटाशी (लाकडाची छिन्नी) एवढं पुरे. आधी पटाशीला धार लावायला शीक. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो, मग ती सटकते आणि बोटावर येते.

नवी मुलं हमखास चुकतात ती मापात:

- एक इंच म्हणजे आठ सूत, हे तोंडपाठ हवं.
- पातं लाकूड खातं, गोल करवतीचा एक काप साधारण 3 मिमी. प्लायचे सहा तुकडे म्हणजे पाच काप. हिशेब धरला नाहीस तर शेवटचा तुकडा दीड सेंटिमीटर आखूड निघतो. करवत नेहमी खुणेच्या टाकाऊ बाजूने चालव.
- चौकट ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोज. सारखे भरले पाहिजेत.

पॉलिश, मॉड्युलर किचन वगैरे नंतर. डोळ्यांवर चष्मा मात्र पहिल्या दिवसापासून. पहिला पाट जमला की दाखव, मला खरंच बघायचाय.