फुप्फुसात जंतू खाणाऱ्या पेशी असतात, तर टीबी होतोच कसा?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घेतला तर टीबी टळेल का. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघते, त्यामुळे या पेशींची नि माझी रोजची गाठ.

पेशी-तपासणीला कफ आला की आम्ही आधी या जंतू खाणाऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, शोधतो. दिसल्या तर कफ खोल फुप्फुसातला. नाही दिसल्या तर पेशंट डबीत नुसता थुंकलाय, उद्या सकाळी पुन्हा आणा. शहरातल्या माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये काजळीचे काळे ठिपके असतात, सिगारेटवाल्याच्या तपकिरी. श्वासनळीत केर वर लोटणारी बारीक लव असते. फुप्फुसाच्या टोकाच्या हवेच्या फुग्यांत, म्हणजे वायुकोशात, ती नाही, तिथली झाडलोट या पेशींकडेच.

टीबीचा जंतूही त्या गिळतात. एरवी गिळलेल्या जंतूची पिशवी पाचकरसाच्या पिशवीला जाऊन मिळते आणि खेळ खलास. हा पठ्ठ्या ते मिळणंच अडवतो आणि मॅक्रोफेजच्या पोटात बिऱ्हाड थाटतो. काही आठवड्यांनी टी-पेशी (लढाऊ पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) येतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडून मॅक्रोफेजना जोर देतात, आणि सगळ्या मिळून जंतूभोवती गराडा घालतात. बहुतेकांचं प्रकरण इथंच मिटतं. लागण झालेल्या १०० जणांपैकी आयुष्यभरात ५ ते १० जणच आजारी पडतात. एचआयव्हीत टी-पेशी घटल्या, साखर हाताबाहेर गेली किंवा संधिवातासाठी टीएनएफ हे सूज आणणारं रसायन रोखणारी इंजेक्शनं सुरू झाली की गराडा सैल पडतो. म्हणून तर त्या इंजेक्शनांआधी टीबीची तपासणी करतात.

आता काढ्याचं. एक्स-रेत दिसणारं फुप्फुसातलं भोक एकट्या जंतूनं पाडलेलं नसतं. गराड्याच्या मधला भाग मरून चक्क्यासारखा होतो, आपल्याच पेशींची रसायनं आजूबाजूचं विरघळवतात आणि तो ऐवज खोकल्यातून बाहेर पडतो. एचआयव्ही फार पुढे गेलेल्या पेशंटच्या एक्स-रेत ही भोकं बऱ्याचदा दिसतच नाहीत. भोक पाडायलाही फौज लागते, आणि त्यांच्याकडे ती उरलेली नसते! त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, नक्की कुठली?

काढा प्यायला माझी ना नाही. पण खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला असेल तर आधी कफ तपासून घ्या. आणि डबीत थुंकी नको, छातीतून खाकरून काढलेला कफ द्या.