सगळीकडे मलाच बोलावतात. नाही म्हटलं तर देवाने दिलेली देणगी जमिनीत पुरल्यासारखं होईल का?

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्हाला गाता येतं, चित्रं काढता येतात, संगणकातलंही कळतं. त्यामुळे रविवारी क्वायर, नाताळात गव्हाणीची सजावट, तरुण संघाची पोस्टरं, प्रोजेक्टर असं सगळं तुमच्याच गळ्यात पडतं. नोकरी सांभाळून जीव मेटाकुटीला आलाय. पण नाही म्हणायला गेलं की बायबलात मत्तय २५ मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला, म्हणजे दृष्टांतातला, तो तिसरा दास आठवतो, ज्याने धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवला. परगावी जाताना धन्याने तिघा दासांकडे पैशाच्या थैल्या सोपवल्या, एकाला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिल्या दोघांनी त्या दुप्पट केल्या, तिसऱ्याने पुरली आणि धनी परतल्यावर बोलणी खाल्ली. (बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल एका दमात नऊ कृपादानं, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्या, मोजतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडता येणं हे आमच्या मंडळीत दहावं धरतात, तेव्हा तुमची अवस्था कळते.)

मी पाळक नाही. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे हा दाखला वाचताना माझी नजर आधी आकड्यांवर जाते. मूळ ग्रीक शब्द तालांतोन, म्हणजे वजनाचं एक माप. चांदीचं एक तालांतोन म्हणजे सुमारे ६००० दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरा, म्हणजे वीस वर्षांची कमाई झाली. ज्याला एकच मिळालं तोही काही उपाशी नव्हता! आपण ज्याला टॅलेंट म्हणतो तो शब्द याच दाखल्यातून आला. गंमत अशी की दाखल्यात धनी प्रत्येकाला 'ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे' पैसे देतो. म्हणजे योग्यता आधीपासून त्यांच्याकडे होतीच. त्यांच्या हवाली केली ती ठेव, आणि ठेव ही कुणाच्या तरी मालकीची असते. बँकेतला माणूस हे विसरत नाही.

आता तिसऱ्या दासाकडे बघा. तो आळशी होता असं आपण धरून चालतो, कारण धन्यानेच त्याला तसं म्हटलंय. पण तो स्वतः काय कारण देतो? तुम्ही कठोर माणूस आहात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो. पैसा पुरून ठेवणं हा त्या काळात वेडेपणा नव्हता, चोरांपासून वाचवायचा तो रुळलेला मार्ग होता. आपल्याकडेही लोक हंडे पुरतच होते की. त्याचं बिनसलं ते धन्याला ओळखण्यात. त्याने धनी सावकारासारखा वसुलीला येणारा मानला.

म्हणून तुमच्या प्रश्नामागची 'नाही म्हटलं तर देव काय म्हणेल' ही भीती मला खटकली. भीतीपोटी पैसा पुरणं आणि भीतीपोटी दर रविवारी चार कामांना हो म्हणणं, या दोन्हींचं मूळ एकच आहे. पहिल्या दोघा दासांना धनी म्हणतो, आपल्या धन्याच्या आनंदात ये. तुमच्या पत्रात आनंद फक्त एकाच ठिकाणी दिसला, शब्बाथशाळेतल्या, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेतल्या, पोरांना फळ्यावर चित्रं काढून गोष्ट सांगता तिथे. त्या दोन ओळी तुम्ही घाईत लिहिल्या असतील, पण मी त्यांच्यावरच थांबलो.

देणगी सुज्ञपणे वापरायची म्हणजे काय, हे मला पंडिता रमाबाईंकडे बघून कळतं. पुराणिकाच्या घरातली मुलगी. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. संस्कृतवर असा हात असलेली बाई पुढे ख्रिस्ती झाली, तेव्हा पंडितांची मान डोलेल असं काहीही लिहू शकली असती. पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये तिच्यापुढे बसल्या होत्या दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा. त्या वेळच्या मराठी बायबलची शास्त्रीबुवांची भाषा त्यांच्या डोक्यावरून जायची. मग रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत अख्खं बायबल नव्याने उतरवायला बसल्या. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यात गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, आणि बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. एवढं पांडित्य, आणि ते सगळं ओतलं कशात, तर पांडित्य दिसू नये यात! पुढ्यात बसलेल्या माणसाला काय लागतंय, ते बघून त्यांनी ठरवलं.

तुम्हीही तसंच ठरवा. चारपैकी कोणतं काम तुम्ही थांबवलंत तर खरोखर कुणाचं तरी अडेल? प्रोजेक्टर आठवीतला मुलगाही लावेल, त्याला फक्त एकदा दाखवायला हवं. पाळकसाहेबांकडे जाताना नुसता नकार नेऊ नका, एक नाव न्या. 'मला जमणार नाही, पण याला विचारा.' बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या ६ व्या अध्यायात प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, हेच केलं. पंक्तीची व्यवस्था बघायचं नाकारलं, आणि त्यामुळे स्तेफनासह सात माणसं पुढे आली.

हे मला उशिरा कळलं, ते सांगतो. आमच्या मंडळीत अकरा वर्षं पेटी मी वाजवली. ठीकठाक वाजवायचो. एक मुलगा मागच्या बाकावर बसून गाणं चालू असताना मांडीवर बोटं चालवायचा, मला ते भाता मारता मारता दिसायचं. 'अजून लहान आहे' म्हणत मी खुर्ची सोडली नाही, आणि त्याला मी देवाची सेवा म्हणत होतो. त्याची थैली मी माझ्या बुडाखाली पुरून बसलो होतो. मग माझी बदली झाली, दोन वर्षं तालुक्याबाहेर. परत आलो तर पेटीवर तो.

मी परत मागितली नाही. आता उपासनेनंतर मागच्या खोलीत दानाची मोजणी करतो, आणि कुणा विधवेचा निराधार योजनेचा अर्ज भरायचा असला तर तो भरतो. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, कोणत्या रकान्यात काय लिहायचं, हे मला पेटीपेक्षा बरं येतं, आणि त्या बाया ते मी वाजवायचो तेव्हाही शोधतच होत्या. त्या पेटीची एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही, माझ्या वेळेपासून तशीच आहे. मी दर गाण्यात ती बोटाने उचलायचो. तो सूर बदलून ती टाळूनच वाजवतो.