थिएटर की घर? माझ्या खिशाचं उत्तर

तुमचा प्रश्न असा की गेल्या एक-दोन वर्षांतले कुठले सिनेमे तिकीट काढून बघण्यासारखे होते आणि कुठल्यांसाठी ओटीटीवर येईपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. मी मुंबईत डिलाईल रोडला राहतो. महिन्याला दोन सिनेमे होतातच, तेवढ्याच अनुभवावर सांगतो.

लढाया असतील तरच मोठा पडदा, असं सगळे म्हणतात. माझं उलट झालं. ‘छावा’ पहिल्या रविवारी पाहिला. आवाज एवढा की बायको काय म्हणत होती ते मला मध्यंतरात कळलं. तिला पाण्याची बाटली हवी होती. विकी कौशलने जीव तोडून काम केलंय, पण डोक्यात राहिला तो अक्षय खन्नाचा शांतपणे विणत बसलेला औरंगजेब. रहमानचं संगीत मला त्या काळाला परकंच वाटलं. शेवटी थिएटरभर घोषणा झाल्या, त्याने अंगावर काटा आला हे खरं. पण तो काटा गर्दीचा होता.

आता ‘साबर बोंडं’. रोहन कानवडेचा हा सिनेमा 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार घेऊन आला आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे लागला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी जातो, तिथे बाल्या भेटतो. गोष्ट एवढीच. सकाळच्या शोला आम्ही अकरा जण होतो. घरी बघितला असता तर विसाव्या मिनिटाला फोन हातात घेतला असता, हे मी स्वतःला ओळखून सांगतो. अंधारात कोंडून घेतलं म्हणूनच ते दोघे नुसते बसलेले असतानाही मी बघत राहिलो.

त्याच्या आदल्या शुक्रवारी ‘दशावतार’ आला होता. सोबत आई, माहेर सावंतवाडीकडचं. पडद्यावर मालवणी सुरू झाली आणि ही इकडे पडद्याशीच बोलायला लागली! एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर रंग लावून उभे राहतात तेव्हा मात्र गप्प झाली. उत्तरार्ध मला ताणलेला वाटला, तिला नाही. तिचं मत जास्त धरा.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मात्र मी लोअर परळला पाहिला, गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या मॉलमध्ये. छाया कदमची पार्वती त्याच भागातली, बिल्डर तिला घराबाहेर काढतोय. ती आणि तिची मैत्रीण प्रभा रात्री त्याच्या टॉवरच्या जाहिरातीवर दगड मारतात तेव्हा मागून कोणीतरी हळूच ‘अजून एक’ म्हणालं. तसलेच बोर्ड बघत आम्ही सगळे आत आलो होतो. कान महोत्सवातलं ग्राँ प्री पारितोषिक वगैरे ठीक आहे, पण हा सिनेमा लोअर परळलाच बसून बघायला हवा होता.

‘धुरंधर’? साडेतीन तास, मध्यंतर एक. घरी चालेल, मध्ये चहा करता येतो.

एक व्यवहाराची गोष्ट: मराठी सिनेमा बघायचा तर पहिल्याच शनिवार-रविवारी जा. सोमवारनंतर शो सकाळी नऊला किंवा थेट ठाण्याच्या पुढे सापडतो.